सोळा अभ्यास बाजूला का ठेवले? घाईच्या वेळी गुणात्मक पुराव्यांचा आढावा

आज आपण मुलाखती, गटचर्चा, निरीक्षणं यांतून येणाऱ्या, म्हणजे गुणात्मक संशोधनाच्या पुराव्यांबद्दल बोलणार आहोत. अशा अभ्यासांचा पद्धतशीर आढावा नीट घ्यायचा तर वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पण ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला उत्तर महिनाभरात हवं असेल तर? कामातलं काहीतरी कापावंच लागणार. काय कापायचं, एवढाच प्रश्न उरतो.

एक खरं उदाहरण घेऊ. मार्च 2020. मास्क, हातमोजे, विलगीकरण यांचे नियम पाळताना आरोग्य कर्मचाऱ्यांना नेमकं काय आडवं येतं, हे तातडीनं कळायला हवं होतं. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या संशोधकांच्या पुढाकारानं 'कॉक्रेन'साठी हा आढावा झाला. अभ्यासांचा शोध 26 मार्चला, प्रकाशन 21 एप्रिलला. मधे चार आठवडेही नाहीत!

हे जमलं कसं? त्यांनी मेडलाइन हा एकच डेटाबेस पाहिला. नेमक्या विषयावरचे 36 अभ्यास सापडले. त्यातले 20 विश्लेषणाला घेतले.

इथे हमखास प्रश्न येतो: मग 16 टाकून दिले? औषधाचा गुण किती येतो हे मोजताना असे अभ्यास गाळले, तर सरासरीच बदलेल. तिथे हे चालणारच नाही. पण इथे आपण 'किती' विचारत नाही, 'कोणत्या अडचणी आणि कशा' हे विचारतोय. एका टप्प्यानंतर तेच तेच मुद्दे पुन्हा येऊ लागतात, आणि हाताशी फार मजकूर असला की विश्लेषण उथळ होतं. अर्थात निवड विचारपूर्वक हवी. त्या 20 मध्ये आशियातले 10, आफ्रिकेतले 4, उत्तर आणि मध्य अमेरिकेतले 4 आणि ऑस्ट्रेलियातले 2 होते. सार्स, क्षयरोग, एच1एन1 असे वेगवेगळे आजार होते. हाताला लागले ते पहिले वीस उचलले असते, तर त्याला नमुना निवडणं म्हणता आलं नसतं.

वेळ वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे तयार चौकट. शेफील्ड विद्यापीठातल्या क्रिस्टोफर कॅरोल आणि अँड्र्यू बूथ यांनी ही रीत बरीच रुळवली. विषयाला जवळची एखादी चौकट घ्यायची, अभ्यासांतली निरीक्षणं तिच्या कप्प्यांत टाकायची, आणि जे बसत नाही त्याला नवा कप्पा करायचा. हा शेवटचा भाग घाईत सुटतो. मग काय होतं, तर आपल्याला आधीच माहीत होतं तेच पुन्हा 'सापडतं'. आमच्या मते या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

काय कापू नये? निष्कर्षावर भरवसा किती, याचा निवाडा. त्यासाठी 'ग्रेड-सर्क्वाल' ही रीत आहे. मूळ अभ्यास कितपत नीट झालेत, निष्कर्ष आणि माहिती यांचा मेळ बसतो का, माहिती पुरेशी आहे का, आणि ती आपल्या प्रश्नाला लागू पडते का, असे चार प्रश्न प्रत्येक निष्कर्षाला विचारायचे. हे सोडलं तर वाचणाऱ्याला कच्चं आणि पक्कं वेगळं करता येत नाही.

या आढाव्यातून निघालं काय? लांबलचक, संदिग्ध आणि सतत बदलणाऱ्या सूचनांनी कर्मचारी गांगरून जात होते. नियम राबवताना सफाई कामगार, हमाल, स्वयंपाकघरातली माणसं, सगळ्यांना धरून चाला, असंही त्यांनी सांगितलं होतं. किती मास्क वाटले याच्या तक्त्यात हे दिसलं नसतं.

आता त्रुटी. या आढाव्याला भाषेची अट नव्हती, पण डेटाबेस एकच. आपल्याकडे आशाताईंच्या अडचणींवर एखाद्या संस्थेनं मराठीत अहवाल छापला असेल, तर तो मेडलाइनमध्ये यायचा नाही. म्हणून असं काम महाराष्ट्रासाठी करायचं झालं, तर वाचवलेल्या वेळातले दोन दिवस संस्थांना फोन करण्यात घालवा, असं आम्ही सुचवू.

आणि एकट्यानं करता येईल का? एकानं सगळे गोषवारे चाळले तरी चालतं, पण दुसऱ्यानं त्यातले थोडे, विशेषतः नाकारलेले, पुन्हा तपासावेत. काय काय कापलं ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा. परिशिष्ट कोणी उघडत नाही.