पंचाची शिट्टी आणि मल्लाची मान

कुस्तीत पंचाचा निर्णय चुकला म्हणजे एका मल्लाचे गुण जातात, गदा जाते, फार तर वर्षभराची मेहनत मातीत जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. आखाड्यात उतरलेला मल्ल कोणता डाव कितपत ताणायचा, हे प्रतिस्पर्ध्याकडे पाहून जसे ठरवतो, तसेच पंचाकडे पाहूनही ठरवीत असतो. पंच कोठे हात घालील आणि कोठे डोळेझाक करील, याचा अंदाज प्रत्येक लढतीत निराळा बांधावा लागत असेल, तर त्या अंदाजाची किंमत शेवटी कोणाच्या तरी खांद्याला, गुडघ्याला किंवा मानेला द्यावी लागते.

अहिल्यानगर येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी जे घडले, त्याची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली; परंतु ती बहुतेक एकाच अंगाने झाली. महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागातील निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचे पंचांनी जाहीर केले. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. चित्रफीत पुन्हा पाहावी ही त्याची मागणी मान्य झाली नाही, आणि त्यानंतर त्याने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यानेही निर्णयावर रुष्ट होऊन, वेळ संपण्यास काही सेकंद उरले असताना आखाडा सोडला. गदा मोहोळकडे गेली. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घोषित झाली.

पंचावर पाय उचलणे अक्षम्य आहे. तालमीत शिरताना मातीला हात लावून कपाळी लावणाऱ्या परंपरेत तर ते अधिकच लाजिरवाणे आहे. याविषयी दुमत संभवत नाही. परंतु शिक्षा घोषित झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी दोन वर्षे मागे जावे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या लढतीत याच महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग हा डाव टाकला आणि पंचांनी त्याला चार गुण बहाल केले. सिकंदर हा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला मल्ल. त्याची पाठ धोक्याच्या स्थितीत गेलीच नव्हती, सबब चार गुण देता येत नाहीत, असे त्याच्या पाठीराख्यांचे म्हणणे होते. त्या एका डावाची चित्रफीत गावोगावच्या तरुणांनी शंभर वेळा फिरवून पाहिली. पंचाला दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. म्हणजे २०२३ मध्ये जी धमकी होती, ती २०२५ मध्ये लाथ झाली. मधल्या काळात पंचगिरीची पद्धत किती बदलली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

येथे नियम काय सांगतात ते पाहणे उद्बोधक ठरेल. आंतरराष्ट्रीय कुस्तीत लढतीवर तिघांची नजर असते: गादीवरचा पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि त्या दोघांवर देखरेख करणारा गादीप्रमुख. एरवीच्या गुणांबाबत प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो, आणि ते फसले तर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. चितपटीला मात्र असे आव्हान नाही. कारण चितपट जाहीर होण्यापूर्वीच तिला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती मिळालेली असावी, अशी व्यवस्था आहे. दोन्ही खांदे एकाच वेळी, ताबा स्पष्ट दिसेल इतका वेळ टेकलेले असले पाहिजेत. नियमाची रचना अशी आहे की, शंका निर्णयाच्या आधीच संपावी. ती निर्णयानंतर सुरू होत असेल, तर दोष नियमाचा नसून त्याच्या पालनाचा आहे.

परंतु गुण आणि चितपट ही पंचाच्या कामाची दिसणारी अर्धी बाजू झाली. दुसरी, न दिसणारी बाजू अधिक महत्त्वाची आहे. गळा आवळणे, बोटे पिरगाळणे, हात नव्वद अंशांपलीकडे मुरगळणे, मणका ताणणे, हाड मोडेल किंवा सांधा निखळेल अशी पकड धरणे, हे सारे गादीवर निषिद्ध आहे. मानेला विळखा घालायचा तर प्रतिमल्लाचा एक हात त्या विळख्यात आला पाहिजे. नुसती मान धरता येत नाही. हा बारकावा प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. हात आत असला तर दाब वाटला जातो, हात बाहेर निसटला की तोच दाब सरळ गळ्यावर येतो. तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तेवढ्यात पंचाने पकड सोडवायची असते. ढाक मारताना मानेवरचा हात किंचित वर सरकला, तर तो डाव राहिला की गुन्हा झाला, हे पंचाखेरीज कोणीच सांगू शकत नाही. एका पंचाने तो सोडवला आणि दुसऱ्याने त्यावर गुण दिले, तर तिसऱ्या लढतीत मल्ल काय करील? तो हात सरकू देईल. त्यात त्याची दुष्टबुद्धी असेलच असे नाही. जे चालते ते करणे, हा स्पर्धेचा स्वभावच आहे.

हा अनुभव केवळ कुस्तीचा नाही. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडच्या उत्तर भागात तेरा-तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा खेळ अफाट लोकप्रिय आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणे हा त्याचा गाभा. म्हणजे एका अर्थाने कुस्तीचा चुलतभाऊच. मार्च २०१४ मध्ये मेलबर्न येथील सामन्यात ॲलेक्स मॅकिनन या तरुण खेळाडूला तिघांनी पकडले, तो उचलला गेला आणि डोक्यावर-मानेवर आदळला. त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. पकडणाऱ्यांपैकी एकाला सात सामन्यांची बंदी मिळाली, आणि उचलून आपटण्याविरुद्धची कारवाई त्यानंतर कडक झाली. पुढे मे २०२१ मध्ये, डोक्यावर येणाऱ्या उंच पकडींविरुद्ध तेथील नियामकांनी एकाएकी कठोर धोरण घेतले. ब्रिस्बेनला झालेल्या एकाच फेरीत डझनाहून अधिक खेळाडू काही काळ मैदानाबाहेर बसवले गेले, तिघांना तर कायमचे बाहेर काढले. खेळाडू आणि प्रशिक्षक संतापले. नियम कालही हाच होता, मग शिट्टी आजच का वाजली, हा त्यांचा सवाल होता. खेळाडूच्या मेंदूची काळजी घेणाऱ्यांची बाजू नि:संशय बरोबर होती. तरीही कालच्या सवलतीनंतर आलेली आजची कठोरता ही ज्याच्यावर येते त्याला अन्यायच वाटते, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात ही अडचण दुहेरी आहे, कारण येथे माती आणि गादी असे दोन धर्म एकाच मल्लाला पाळावे लागतात. मातीतली कुस्ती निकाली. पाठ लागली की निकाल, न लागली तर खडाखडी चालूच. तेथे खाली पडलेल्या मल्लाच्या मानेवर घुटना ठेवून त्याला दमवणे हा जुना, सन्मानाने शिकवला जाणारा डाव आहे. तोच मल्ल आठवडाभराने गादीवर गेला की त्याच गुडघ्याकडे पंचाला निराळ्या नजरेने पाहावे लागते. मातीची कुस्ती मागासलेली आणि गादीची शास्त्रशुद्ध, असा निष्कर्ष काढण्याचे मुळीच कारण नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात, १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान पाहिले तर जुन्या लोकांची दृष्टी कळते. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना. कोठेही बसले तरी पाठ लागली की नाही हे दिसावे. हजारो डोळे पंचावर रोखलेले असत, आणि ते बव्हंशी जाणत्यांचे असत. पंचगिरीवरचा तो लोकांचा अंकुश होता. आज मैदाने मोठी, बक्षिसे लाखांची, आणि पाहणारा वर्ग पूर्वीइतका जाणकार राहिलेला नाही. तेव्हा तो अंकुश आता लेखी नियमांनी आणि प्रशिक्षित पंचांनी भरून काढावा लागणार.

पंचगिरीतील विषमतेचा चटका कोल्हापूरला नवा नाही. खाशाबा जाधव हे गोळेश्वरचे, परंतु कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्धच्या लढतीत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा लढत झाली, आणि तीत खाशाबांनी दास यांना अस्मान दाखवले. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबा हेलसिंकीला पोचले. तेथे जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली. ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्ह याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता; पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी त्या क्षणी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणून त्याचा गौरव यथार्थच आहे. परंतु त्या गौरवाच्या मागे, कागदावर असलेला आणि आखाड्यात न पाळला गेलेला एक नियम उभा आहे. विश्रांतीचा नियम हासुद्धा मल्लाच्या शरीराच्या रक्षणाचाच नियम होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

आज परिस्थिती अशी की नियम कोणी बजावायचा, हेच निश्चित नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली मामासाहेब मोहोळांनी उभी केली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब दिला जाऊ लागला. पुढे संघटना दुभंगली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोन गदा झाल्या याचे लोकांनी हसून स्वागत केले. पण दोन गदांमागे पंचांच्या दोन याद्या असतात, तक्रार ऐकणारी दोन मंडळे असतात, आणि एका दारी चूक ठरलेला मनुष्य दुसऱ्या दारी सन्मानाने येऊ शकतो. मल्ल असो वा पंच, शिस्तीला मग अर्थ उरत नाही. शासकीय नोकरी आणि मानधन यांची वाट ज्या किताबावरून जाते, त्याच्या निर्णयाबाबत अशी दुफळी परवडणारी नाही.

यात्रांच्या हंगामातील गावोगावच्या मैदानांकडे तर या दृष्टीने कोणीच पाहिलेले नाही. तेथे पंच म्हणजे बहुधा एखादा बुजुर्ग मल्ल किंवा वस्ताद. माणूस भला, डोळा तयार, पण लढणाऱ्यांपैकी एकजण त्याच्याच तालमीचा असण्याचा संभव दाट. लोकवर्गणीतून जमलेले इनाम, हलगीचा कडकडाट, मागे उभे असलेले दोन गावांचे पाठीराखे, आणि त्यात पोरसवदा मल्लाच्या खांद्यावर चढलेली पकड. ती सोडवली तर एक गाव ओरडणार, न सोडवली तर दुसरे. अशा जागी पंचाला आधार हवा असतो तो आधीच ठरलेल्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाचा. तो नसेल तर पंच आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो. भिडस्त असेल तर उशिरा, तापट असेल तर लवकर. आणि दवाखान्याचा खर्च वर्गणीच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज आहे असेही नाही. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी यांसारख्या तालमींच्या वस्तादांनी एकत्र बसून, मातीच्या मैदानात कोणत्या पकडी पंचाने तत्काळ सोडवायच्या याची एक यादी ठरवली, तर जिल्ह्यातील यात्रा समित्या ती नाकारतील असे वाटत नाही. या घराण्यांच्या शब्दाला अजून वजन आहे. पंच दोन्ही मल्लांच्या तालमींबाहेरचा असावा, ही दुसरी गोष्ट. मोठ्या मैदानांवर चित्रीकरण होतच असते. ते निर्णयाच्या कामी केव्हा वापरायचे आणि केव्हा नाही, हे लढतीपूर्वी ठरावे, लढतीनंतर नव्हे. आणि निवेदकाच्या हाती ध्वनिक्षेपक असतोच. आलेल्या पाहुण्यांची नावे आणि फेट्यांचे मानकरी तो तास-तास वाचतो. मल्लांनी हात मिळवण्यापूर्वी आज कोणती पकड चालणार नाही, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले तर अर्धा मिनिट लागेल.