बऱ्हाणपूरचा मांडा

(बी. कॉम. भाग २)

आपण मराठीत ‘मनातले मांडे’ खातो आणि या अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र ‘मनसिनल्लि मंडिगे’ खातात. दोन्ही भाषांत कल्पना एकच. पण खरा मांडा भाजताना आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? मी तरी पाहिला नव्हता. तो पाहिला मध्य प्रदेशात, मावशीकडे बऱ्हाणपूरला गेलो तेव्हा.

प्रत्येक जुन्या शहराची स्वतःची एक भाकरी असते. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात सकाळी चिनी पद्धतीचे वाफवलेले बन मिळतात, पुण्या-मुंबईला इराण्याचा बनमस्का, तसा बऱ्हाणपुरात मांडा. चिनी बनाची कणीक आंबवून फुगवतात. मांड्यात फुगवणे नाहीच. त्याचे सारे कौतुक पातळपणाचे.

तो शोधताना माझी पहिली चूक ही झाली, की मी मिठाईच्या दुकानांत विचारत फिरलो. तिथे मावा जिलबी मिळाली. खव्याची, जाड, काळपट तपकिरी आणि अप्रतिम! पण मांडा नाही. शेवटी काका म्हणाले, “अरे, मांडा दुकानात मांडून ठेवलेला नसतो. भट्टी कुठे पेटली आहे ते विचार.” लग्नाची किंवा जेवणावळीची मागणी असली की भट्टी पेटते, आणि पहिला घाण निघतो तेव्हा आपण तिथे हजर पाहिजे.

कारागिराने मऊ भिजवलेल्या मैद्याचा गोळा घेतला, थापला आणि या हातावरून त्या हातावर असा झेलत गेला, की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरला. मग पालथ्या घातलेल्या लोखंडी कढईवर अलगद टाकला. मिनिटभरात काम खलास. घडी घालून ठेवला तर रुमालासारखा. चांगला मांडा ओळखायचा तो असा: उजेडाकडे धरला तर सगळीकडे सारखा दिसावा, कडा जाड राहू नयेत आणि घडीवर चिरू नये.

ती पालथी कढई पाहिली आणि लहानपणी ऐकलेली एक गोष्ट नव्याने कळली. विसोबांनी कुंभारांना मनाई केली, मुक्ताबाईला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. पाठच का? कारण मांड्याला फुगीर बूड लागते. सपाट तव्यावर एवढी पातळ पोळी नीट बसत नाही, पालथ्या खापरावर ती आपल्याच वजनाने ताणून बसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही ‘मंडक’ आहे. म्हणजे मराठी आणि कन्नड या दोघांनाही यावर हक्क सांगता येईल.

पण नाव एक असले तरी पदार्थ तीन. खानदेशात पुरण भरून खापरावर भाजतात तो एक. आपल्या बेळगावचा पिठीसाखरेचा, कुरकुरीत, चौकोनी घडीचा तो दुसरा. बऱ्हाणपूर एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. तरी तिथला मांडा मात्र बिनपुरणाचा, मऊ, रश्शाबरोबर खायचा.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट दिसल्याशिवाय राहत नाही. बेळगावचा मांडा कोरडा, म्हणून टिकतो, डब्यात भरून परगावी जातो, दुकानात विकता येतो. बऱ्हाणपूरचा मांडा काही तासांचा सोबती. त्याला साठा नाही, म्हणून दुकान नाही. मागणी नसेल त्या दिवशी कारागिराला मिळकतही नाही. मावा जिलबीचे तसे नाही. बऱ्हाणपूरच्या नावाने ती मुंबईतही विकली जाते.

हे सगळे मला आधी कळले असते तर बरे झाले असते. आमच्या आजीला आता दात नाहीत. बेळगावचे मांडे तिने कित्येक वर्षांत खाल्लेले नाहीत. मऊ मांडा तिला चावता येईल म्हणून मी चार मांडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. भुसावळला गाडी बदलली, पुणे गेले, मिरज गेले. बेळगावी फडके सोडले तर मांडे चामड्यासारखे झालेले! मी ते गाईला घालायला निघालो, तर आजीने हाक मारली. एक मांडा कुस्करून तिने गरम दुधात भिजत घातला, वर साखर टाकली आणि वाटी संपवून म्हणाली, “उरलेले तीन झाकून ठेव रे.”