मंडळीचा उपवास

ख्रिस्ती मंडळी मिळून उपवास करते, तेव्हा त्यात काय खावे यापेक्षा कोणाबरोबर उपाशी राहावे याला अधिक महत्त्व असते. साबुदाणा, वरीचे तांदूळ, रताळी अशी उपवासाला चालणाऱ्या पदार्थांची वेगळी यादी या परंपरेत नाही. एकच वेळ पोटभर जेवायचे, मांसाहार वर्ज्य करायचा किंवा ठरलेल्या वेळेपर्यंत काही खायचे नाही, एवढ्याच साध्या रीती. वाचलेला वेळ प्रार्थनेला द्यायचा आणि वाचलेले अन्न गरजूला. हे दुसरे अंग नसेल, तर उरते ती नुसती उपासमार.

वरवर पाहता मंडळीने दिवस ठरवून उपवास करणे ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वाटते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू सांगतो की उपवास करताना चेहरा उतरवून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना पत्ता लागणार नाही. पण हा निषेध मिरवण्याचा आहे, सोबतीचा नाही. सारेच उपाशी असले, तर मिरवायचे कोणापुढे? शिवाय येशू ज्या यहूदी समाजात वाढला, त्यात सगळ्यांनी मिळून करायच्या उपवासाची जुनी परंपरा होती. योनाच्या पुस्तकात निनवे शहराचा राजा राखेत बसतो आणि माणसांबरोबर गुराढोरांनाही उपाशी ठेवायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी उपवास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवते व त्यांना सेवाकार्यासाठी रवाना करते. हाच शौल पुढे पौल म्हणून ओळखला गेला.

बायबलबाहेरचा एक फार जुना पुरावा ‘डिडाखे’ या छोट्या ग्रीक ग्रंथात सापडतो. अनेक अभ्यासक तो पहिल्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा मानतात. त्यात बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार दिले आहेत. त्याहून मोलाची सूचना बाप्तिस्म्याविषयी आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करावा, देणाऱ्याने करावा आणि इतरांपैकी ज्यांना जमेल त्यांनीही करावा. नव्याने येणाऱ्याला एकट्याला उपाशी ठेवायचे नाही, ही त्यामागची दृष्टी. सामुदायिक उपवासाचे इतके माणुसकीचे कारण दुसरे सापडणे कठीण.

ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देण्याची प्रथा रुळली, तसा हा तयारीचा काळही लांबत गेला. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला होता, त्याची आठवण या आकड्यात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री यात्रेसाठी जेरुसलेमला गेली. तिथल्या उपवासाचे तिने केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने करावे. जास्त करणाऱ्याचे कौतुक नाही, कमी करणाऱ्याला बोल नाही, अशी तिथली रीत तिने नोंदवली आहे.

पुढे मात्र युरोपात हा उपवास कायद्याने जखडला गेला. १५२२ मध्ये झुरिचमध्ये एका मुद्रकाच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि मोठा गहजब झाला. हुल्ड्रिख झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण काय खावे याची सक्ती चर्चने करू नये, असा उपदेश केला. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेची ठिणगी अशी ताटावरून पडली. प्रॉटेस्टंटांनी उपवास टाकून दिला, असे मात्र नाही. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करत आणि अनुयायांनीही तो करावा असा आग्रह धरत.

पूर्वेकडील चर्चमध्ये हा धागा अधिक घट्ट राहिला. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरपूर्वीचा उपवास ५५ दिवस चालतो. त्या काळात मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात. इंजेरा या आंबवलेल्या धिरड्यावर डाळी आणि भाज्या वाढल्या जातात. केरळचे सिरियन ख्रिस्ती निनवेच्या आठवणीने तीन दिवसांचा उपवास पाळतात. त्या वेळी कोट्टयम जिल्ह्यातील कुरविलंगाडच्या चर्चमध्ये योनाच्या प्रवासाचे स्मरण म्हणून लाकडी जहाज खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते.

कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळी राख लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवसापासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की ४० उरतात. सक्तीचा उपवास आता राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी असतो आणि तो १८ ते ५९ वयाच्या लोकांना लागू होतो. आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना सूट असते. वसईच्या गावांतून शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही चौदा टप्प्यांची प्रार्थना होते.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘उपास-प्रार्थना’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. कोणाचे आजारपण, पावसाची ओढ, मुलांच्या परीक्षा अशा निमित्तांनी मंडळी न जेवता जमते, गीते गाते, शास्त्रपाठ ऐकते, एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करते. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. सामुदायिक प्रार्थनेचे मराठी भूमीतले एक ठळक उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनमधले. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्याचे आवाहन केले. सुरुवातीला सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनअखेर तिथे मोठे आत्मिक जागरण झाले, तोवर हा गट साडेपाचशेपर्यंत वाढला होता.

या सगळ्याची कसोटी पैशापाशी लागते. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे यशया संदेष्टा ५८व्या अध्यायात बजावतो. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशेबच सांगितला आहे: त्या दिवशी जेवणावर किती खर्च झाला असता ते मोजावे आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला द्यावी. त्याच शतकातील ख्रिस्ती लेखक अरिस्टायडीस लिहितो की गरजूला द्यायला घरात काही शिल्लक नसेल, तर ख्रिस्ती लोक दोन-तीन दिवस उपवास करून ते अन्न त्याला पुरवतात. उपवासकाळात घरात वेगळी पेटी ठेवून वाचलेले पैसे त्यात टाकण्याची आजची रीत याच विचारातली आहे.

चाळीस दिवसांचा शेवट ईस्टरच्या जागरणाने होतो. अंधारात नवा अग्नी पेटवतात, मोठ्या मेणबत्तीवरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती लागते. नव्याने आलेल्यांना त्या रात्री बाप्तिस्मा दिला जातो आणि त्यांच्याबरोबर सारी मंडळी आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारते.