विश्लेषण : रामटेकच्या उन्हात कॅम्पर व्हॅनचा फ्रीज गार का राहत नाही? ‘गॅस’ भरण्याआधी काय तपासावे?

नागपूरहून निघायचे, मनसरला वळून रामटेक गाठायचे, गडावर दर्शन घ्यायचे, खिंडसी तलावाकाठी मुक्काम करायचा आणि पहाटे पेंचच्या सफारीला निघायचे, अशा सहलींत आता कॅम्पर व्हॅनही दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांमध्ये खाट, ओटा आणि छोटा फ्रीज बसवून घेणारेही वाढले. मात्र एप्रिल-मे उजाडला की यातील अनेकांची एकच तक्रार असते : फ्रीज चालू आहे, आवाजही येतो, पण आत गारवा नाही. दूध नासते, भाजी कोमेजते आणि सोबत इन्सुलिन असेल तर प्रश्न गैरसोयीपुरता उरत नाही. अशा वेळी ‘गॅस संपला असेल’ हे निदान सर्वांत आधी कानावर पडते. ते किती वेळा खरे असते?

कॅम्परमध्ये कोणते फ्रीज असतात?

दुरुस्तीचा विचार करण्याआधी आपला फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणे गरजेचे आहे. प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते.

पहिला प्रकार १२ किंवा २४ व्होल्टवर थेट बॅटरीवरून चालणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रीजचा. दुसरा, घरचाच छोटा फ्रीज इन्व्हर्टरवर चालवण्याचा. तिसरा ‘शोषण’ पद्धतीचा. यात कॉम्प्रेसर नसतो. एलपीजीच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने अमोनिया तापवून थंडावा मिळवतात. हे तंत्र स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधले. परदेशी बनावटीच्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये हाच फ्रीज आढळतो.

चौथा प्रकार म्हणजे गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा स्वस्त ‘कार कूलर’ डबा. यात पेल्टिअर चकती असते. ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. गाडीत ४५ अंश असतील तर हा डबा फार तर २५ ते ३० अंशांवर थांबतो. तो बिघडलेला नसतो, त्याची धावच तेवढी असते. दूध किंवा औषधांसाठी त्यावर विसंबणे चुकीचे आहे.

४५ अंशांत नेमके काय होते?

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच तापलेली असेल तर टाकायला जागा उरत नाही.

फ्रीजच्या मागील पट्टीवर ‘एन’, ‘एसटी’ किंवा ‘टी’ अशी हवामान-श्रेणी छापलेली असते. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ आणि ‘टी’ म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी योग्य. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या फ्रीजचीही मर्यादा विदर्भाचा मे महिना ओलांडतो. त्यात उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी अधिक तापू शकते.

भिंतींतून आत झिरपणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. बाहेर ३० आणि आत ५ अंश असतील तर फरक २५ चा. गाडीत ५५ अंश झाले तर तो ५० चा, म्हणजे थेट दुप्पट. जो फ्रीज थंडीच्या दिवसांत अर्धा वेळ विश्रांती घेतो, तो इथे अखंड धावतो आणि तरीही मागे पडतो.

तपासणीची सुरुवात कुठून?

सुरुवात थर्मामीटरपासून. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर चर्चा झाली. सेन्सरमधील बिघाडामुळे तो आकडा आल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. फ्रीजच्या दारावरचा डिजिटल आकडाही असाच फसवू शकतो, कारण तो फक्त सेन्सरपाशी असलेले तापमान सांगतो.

एक पेला पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात साधा थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार न उघडता सकाळी वाचा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे लगेच बदलत नाही. आकडा ५ अंशांच्या आसपास असेल तर फ्रीज ठीक आहे, अडचण दिवसाच्या उन्हाची किंवा वापराची आहे. रात्रीही १२-१५ अंशच दिसत असतील तर पुढची तपासणी करावी.

वीज पुरेशी पोहोचते का?

१२ व्होल्टच्या फ्रीजमधील सर्वाधिक दुर्लक्षित दोष हाच. बॅटरीपाशी १२ व्होल्ट असले म्हणजे फ्रीजलाही तेवढेच मिळतात, असे नाही.

साधे गणित पाहा. फ्रीज ५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन वायर झाली १० मीटर. तांब्याची वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर ०.४ व्होल्टहून कमी. बॅटरी १२ व्होल्टवर असताना पातळ वायरीने फ्रीजला ११.१ व्होल्टच मिळतात. सैल लायटर सॉकेट, गंजलेला फ्यूज किंवा ढिले अर्थिंग असेल तर आणखी घट. मग बॅटरी वाचवणारे संरक्षण जागे होते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. बंद पडताच व्होल्टेज वर येते, तो पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. दिवा लागलेला दिसतो, पण गारवा येत नाही.

त्यामुळे मल्टीमीटरने मोजणी फ्रीजच्या टर्मिनलवर आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच करावी. बॅटरी आणि फ्रीज यांच्यातील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी वायर आणि जोड बदलावेत. अनेक फ्रीजमध्ये दॅनफॉस (आता सेकॉप) बनावटीचा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या नियंत्रक पेटीवर लहान दिवा जोडलेला असेल तर तो दोष सांगतो : एकदा लुकलुकला तर कमी व्होल्टेज, दोनदा तर पंख्याचा दोष, तीनदा तर मोटर सुरू होण्यात अडचण, चारदा तर मोटरवर जास्त भार, पाचदा तर नियंत्रक तापला आहे.

बॅटरीचाही हिशेब हवा. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता निम्मी, म्हणजे ५० अँपिअर-अवर वीज वापरता येते. ५ अँपिअरने अखंड चालणारा फ्रीज ती १० तासांत संपवतो. गाडी सावलीत लावली तर छतावरचे सोलर पॅनल काम करत नाही, उन्हात लावली तर फ्रीज तापतो. लांब वायरीचे सुटे पॅनल उन्हात आणि गाडी झाडाखाली, हा यावरचा सोपा तोडगा.

घरचा फ्रीज इन्व्हर्टरवर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी लांब एक्स्टेन्शनवर चालत असेल तर कान द्या. ‘घुंऽऽ’ असा आवाज, काही सेकंदांत ‘टक्’ आणि शांतता, मग पाच मिनिटांनी पुन्हा तेच, असे होत असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. कारण बहुतेकदा कमी व्होल्टेज, इन्व्हर्टरची अपुरी ताकद किंवा खराब झालेला रिले हे असते. यात गॅसचा संबंध नाही.

हवा, जाळी आणि दाराचे रबर

घरी फ्रीज भिंतीपासून थोडा दूर असतो. व्हॅनमध्ये सुतार तो कपाटात घट्ट बसवतो आणि मागची गरम हवा तिथेच घुटमळते. कपाटाला खाली हवा आत येण्यासाठी आणि वर बाहेर जाण्यासाठी अशा दोन जाळ्या हव्यात. शक्यतो एक छोटा पंखाही हवा. मागच्या कंडेन्सर जाळीवर कच्च्या रस्त्याची धूळ बसली असेल तर वीज बंद करून ती मऊ ब्रशने झाडावी. परीक्षा सोपी आहे : कपाटाचे दार उघडून किंवा फ्रीज बाहेर ओढून काही तास चालवा. गारवा सुधारला तर दोष हवेचाच.

दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी किंवा नोट पुरते. ती दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून गरम हवा आत शिरते. चारही बाजूंना हे करावे. रबर आधी साबणाच्या पाण्याने पुसावे. वाकले असेल तर कोमट पाण्याने शेकून पूर्ववत होते का पाहावे आणि मगच बदलावे. हादऱ्यांनी दाराची बिजागरी उतरणे हाही गाड्यांमधला नेहमीचा दोष आहे.

आत पाव इंचापेक्षा जाड बर्फ साचला असेल तर तो गारव्याच्या आड येणारी भिंत ठरतो. फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला एक भोक पडले की किरकोळ काम महागडे होते.

सामान भरण्यातील चूक

दहा लिटर कोमट पाण्याच्या बाटल्या एकदम ठेवल्या तर काय होते? ४० अंशांचे ते पाणी ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ०.४ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. कडक उन्हात ५० वॉटच्या वेगाने उष्णता उपसणाऱ्या छोट्या फ्रीजला त्यासाठी आठ तास लागतील, तेही दार एकदाही न उघडता. तोवर शेजारचे दूधही तापते. म्हणून फ्रीज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करावा, सामान घरच्या फ्रीजमधून थंडच भरावे आणि पिण्याच्या पाण्यासाठी माठ ठेवावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ उत्तम काम करतो आणि फ्रीजवरचा मोठा भार हलका होतो.

गाडी उतारावर असेल तर?

हा मुद्दा शोषण फ्रीजसाठी कळीचा आहे. त्यात द्रव स्वतःच्या वजनाने खाली वाहतो. गडाच्या वाटेवरील उतारावर गाडी तासन्तास तिरपी उभी राहिली तर अभिसरण थांबते आणि आतील भाग जास्त तापून कायमचा निकामी होऊ शकतो. गाडी सपाटीवर लावणे हीच पहिली दुरुस्ती. ज्योत निळी आणि स्थिर आहे का, बर्नर व धुराड्यात काजळी किंवा कोळ्याचे जाळे आहे का, हे तपासून घ्यावे. मागे अमोनियाचा उग्र वास किंवा पिवळसर भुकटी दिसली तर फ्रीज लगेच बंद करून गाडी हवेशीर करावी. ही गळतीची खूण आहे आणि ती भुकटी विषारी असते. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत बंद असलीच पाहिजे. कॉम्प्रेसर फ्रीज थोडा उतार सहज सोसतो.

गॅस खरेच संपतो का?

कॉम्प्रेसर फ्रीजमधील गॅस इंधनासारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता केवळ गॅस भरला तर काही आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा येते.

गॅस कमी असल्याची खूण अशी : कॉम्प्रेसर अखंड चालतो, मागची जाळी जेमतेम कोमट असते आणि आतील गारव्याच्या पत्र्यावर सुरुवातीच्या थोड्या भागातच दव किंवा बर्फ धरतो. संपूर्ण पत्र्यावर सारखा बर्फ असेल तर गॅस पुरेसा आहे, दोष अन्यत्र शोधावा.

छोट्या फ्रीजमध्ये गॅस काही ग्रॅमच असतो. त्यामुळे तो अंदाजाने न भरता पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका, काट्यावर मोजून भरावा लागतो. जास्त भरला तरी गारवा घटतो. गळतीची जागा डाग देऊन बंद करणे, फिल्टर बदलणे, पंपाने नळ्या निर्वात करणे आणि मग गॅस भरणे, हा योग्य क्रम. मेकॅनिक यातील काय करणार आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

पट्टीवर ‘आर ६००ए’ लिहिले असेल तर अधिक सावधगिरी हवी. तो आयसोब्युटेन म्हणजे ज्वलनशील वायू आहे. बंद व्हॅनमध्ये त्यावर डागकाम करणे धोक्याचे. फ्रीज बाहेर काढून मोकळ्या हवेत, जाणकार मेकॅनिककडूनच काम करून घ्यावे.

मुक्कामात फ्रीज बंद पडला तर?

दार उघडू नये, वर जाड गोधडी टाकावी, मात्र हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. जवळच्या दुकानातून बर्फ आणून थर्माकोलच्या पेटीत सामान हलवावे. भोवताली ३२ अंशांहून अधिक तापमान असताना दूध, शिजवलेले अन्न, मांस-मासे तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर राहिले असतील तर टाकून द्यावेत. वासावर भरवसा ठेवू नये.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेले इन्सुलिन काही आठवडे बाहेर चालते, पण साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच. नेमकी मर्यादा वेष्टनावर दिलेली असते. तापलेल्या गाडीत ते ठेवू नये आणि थेट बर्फालाही टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते. कापडात गुंडाळून बर्फापासून थोडे दूर ठेवावे. शंका वाटल्यास ते न वापरता नवे घ्यावे आणि डॉक्टरांना विचारावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये लशींच्या फ्रीजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत नोंदवण्याची पद्धत आहे. औषधे घेऊन प्रवास करणाऱ्यांनी तीच सवय लावून घेतली तर बिघाड दूध नासण्याआधीच लक्षात येतो. सकाळी आणि दुपारी दोन वेळचे तापमान आणि त्या वेळचे व्होल्टेज, एवढी नोंद हाती असेल तर मेकॅनिकलाही अंदाजावर काम करावे लागत नाही.