विनामूल्य दालने आणि दुखरा गुडघा

मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेस जाणाऱ्या आईवडिलांच्या सामानात औषधांची पिशवी, गुडघ्याचे पट्टे आणि मेतकुटाची पुडी यांच्या जोडीला एक हट्टही असतो : एवढ्या लांब आलो आहोत, तर सारे पाहूनच जायचे. आमच्या यजमानांजवळ हा हट्ट अंमळ अधिकच होता. वय चौऱ्याहत्तर, उजव्या गुडघ्याला जुना संधिवात, आणि मुलाचे घर राजधानी वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर. पहिल्याच शनिवारी आम्ही निघालो.

संसदभवनापासून लिंकन स्मारकापर्यंतची ती प्रसिद्ध हिरवळ, जिला तेथे नॅशनल मॉल म्हणतात, नकाशात वीतभर दिसते. प्रत्यक्षात ती सुमारे तीन किलोमीटर आहे, आणि मधल्या बऱ्याच भागात डोक्यावर सावली नाही. स्मारकाच्या चौथऱ्यापुढील अंगणातून वर जायला ५८ पायऱ्या. यजमान त्या चढले. १९ फूट उंचीच्या त्या बसलेल्या लिंकनपुढे उभे राहून त्यांनी छायाचित्रही काढून घेतले. संध्याकाळी मात्र गुडघा सुजून टम्म झाला आणि पुढचे तीन दिवस बर्फाची पिशवी व पलंग एवढेच पर्यटन उरले. दोष गुडघ्याचा नव्हता. आमच्या हिशेबाचा होता.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मला एक साधी गोष्ट उमगली. येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांना प्रवेशमूल्य नाही. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने, जो हयातीत कधीही अमेरिकेत आला नव्हता, आपली संपत्ती ज्ञानाच्या वृद्धीसाठी व प्रसारासाठी या देशाला देण्याची तरतूद केली. १८२९ साली तो वारला आणि १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली. तिची संग्रहालये नाताळचा दिवस वगळता सहसा रोज उघडी असतात. शेजारची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट निराळी संस्था असली, तरी तीही विनामूल्य आहे. आपण मराठी माणसे याचा अर्थ ‘पैसे वाचले’ एवढाच घेतो. वृद्धांच्या दृष्टीने खरा लाभ वेगळा आहे. तिकीट काढले की ते वसूल करण्यासाठी आपण दुखणारे पाय ओढत राहतो. तिकीटच नसेल, तर अर्ध्या तासात बाहेर पडताना काही बुडाल्यासारखे वाटत नाही. उद्या पुन्हा येता येते.

म्हणून पुढच्या खेपेस नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आम्ही जवळजवळ एकच वस्तू पाहिली : निळा ‘होप’ हिरा. ४५.५२ कॅरटचा हा हिरा मूळचा आपल्या गोवळकोंडा भागातला. १९५८ साली एका जवाहिऱ्याने तो संग्रहालयास दिला, तोही चक्क टपालाने पाठवून. चाळीस मिनिटांत आम्ही बाहेर येऊन बाकावर बसून घरची पोळीभाजी खात होतो.

एक अडचण उरली होती. यातील बहुतेक संग्रहालयांत चाकांची खुर्ची मागितल्यास विनामूल्य मिळते. पण यजमान ती घेईनात. गंमत पाहा, विमानतळावर हेच गृहस्थ खुर्चीत ऐटीत बसले होते, कारण तेथे रांग चुकते! संग्रहालयात मात्र “मी काय पांगळा आहे?”

एका रविवारी मुलाने आम्हांला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या स्मारकाशी गाडीने सोडले. रूझवेल्टना १९२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ज्या आजाराने गाठले त्याचे निदान तेव्हा पोलिओ असे झाले, आणि पुढे स्वतंत्रपणे चालणे त्यांना जमले नाही. अध्यक्षपदी असताना त्यांची चाकांची खुर्ची जनतेच्या नजरेस क्वचितच पडू दिली जाई. १९९७ मध्ये स्मारक खुले झाले, तेव्हा तेथील मोठ्या पुतळ्यातही अंगावरच्या घोळदार झग्याने खुर्ची जवळजवळ झाकलेली होती. अपंगांच्या संघटनांनी यास हरकत घेतली, निधी जमवला, आणि २००१ च्या जानेवारीत प्रवेशाशीच दुसरा पुतळा बसला : खुर्चीतले रूझवेल्ट, चाके उघडी, माणसाच्या मापाचे, जमिनीच्या पातळीवर.

यजमान त्या पुतळ्याजवळ बराच वेळ उभे होते. मग काठी सावरत म्हणाले, “हे चार निवडणुका जिंकले ना?” मी “हो” म्हटले. विषय तेथेच थांबला. मीही वाढवला नाही. अशा वेळी आपण गप्प राहिलेले बरे, हे पन्नास वर्षांच्या संसाराने शिकवले आहे.

पुढच्या आठवड्यात नॅशनल गॅलरीच्या दाराशी त्यांनी स्वतःच खुर्ची मागितली. नातू ढकलत होता. त्या दीड तासात त्यांनी पहिल्या दिवसाच्या दुपटीने पाहिले असेल, कारण पुढचा बाक कुठे आहे हे शोधण्यात नजर गुंतली नव्हती. आणि त्यांचा हात धरून एका अंगाने झुकत चालणारी माझी कंबरही त्या दिवशी दुखली नाही. सोबत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भगिनींना एक सांगणे. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी न पिण्याची आपली खोड येथे सोडावी. या संग्रहालयांत स्वच्छतागृहे चांगली असतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असल्यास ती फिरण्याच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने वेळ बदलू नये. मधुमेह असणाऱ्यांनी गोळ्या आणि काहीतरी गोड जवळ ठेवावे. दालनांतला गारवा अंगाला झोंबतो, तेव्हा शाल हवीच. फरशा दगडी व कठीण असतात. नव्या चपला त्या दिवशी नकोत. विमान व अवकाशयानांच्या संग्रहालयासाठी प्रवेशपत्र विनामूल्य असले तरी वेळेसह आधी नोंदवावे लागते, ते मुलांकडून करून घ्यावे. आणि गुडघा सुजला, तर ‘आलोच आहोत’ म्हणून चालत राहू नये.

परतण्यापूर्वी आम्ही आशियाई कलेच्या संग्रहालयात गेलो. तेथे चोळ काळातील पार्वतीची कांस्यमूर्ती आहे. तिच्यापुढे मात्र यजमान खुर्चीतून उठले आणि काठी टेकून उभेच राहिले. खुर्ची रिकामी होती. पाय माझेही भरून आले होते, मी बसले. नातवाने मागून विचारले, “आजी, आता कुठे?”

म्हटले, “कुठे नाही. आजोबांचे पाहून होऊ दे.”