बोन्सायसाठी कोवळ्या रोपांची छाटणी

बोन्सायसाठी कोवळ्या रोपांची छाटणी : कुंडीतील लहान रोपाला कालांतराने वामनवृक्षाचे रूप यावे म्हणून त्याचे शेंडे व फांद्या योजनापूर्वक कापण्याची क्रिया. ‘बोन्साय’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘उथळ कुंडीतील लागवड’ असा असून ही कला चीनमधून जपानमध्ये गेली. चीनमधील राजपुत्र जांगह्वाय याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भित्तिचित्रांत सेवकाच्या हातातील पात्रात लहान झाडे व दगड दाखविलेले आहेत.

छाटणीमुळे झाड लहान राहते, म्हणून ते जितके लवकर व जितके वारंवार छाटावे तितके चांगले, अशी नवशिक्यांची समजूत असते. ती अपुरी आहे. वामनवृक्षाचे वार्धक्य प्रामुख्याने त्याच्या बुंध्याच्या जाडीवरून व वर निमुळत्या होत जाण्यावरून भासते. बुंध्याची जाडी ऊतककराच्या (नवीन काष्ठ व परिकाष्ठ निर्माण करणाऱ्या थराच्या) क्रियेने वाढते आणि तिला लागणारे अन्न पानांतील प्रकाशसंश्लेषणातून मिळते. पाने सतत काढली गेल्यास हा पुरवठा घटतो व बुंधा काडीसारखा बारीक राहतो. उथळ तबकात लावल्यावर मुळांची वाढ मर्यादित होत असल्याने ही उणीव पुढे सहसा भरून निघत नाही. म्हणून प्रथम वाढ व नंतर छाटणी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

छाटणीचा परिणाम : खोडाच्या टोकावरील कळी खालच्या पानांच्या बगलेतील कळ्यांची वाढ रोखून धरते. यास अग्रप्रभुत्व म्हणतात. शेंडा काढून त्या जागी ऑक्सिन हे वृद्धी हॉर्मोन लावल्यास बगलेतील कळ्या दबलेल्याच राहतात, असे केनेथ थीमान व फोल्के स्कूग यांनी १९३३ मध्ये दाखविले. मुळांत तयार होणारी सायटोकिनिने कळ्या फुटण्यास साहाय्य करतात, तर स्ट्रिगोलॅक्टोने त्यास विरोध करतात, हे त्यांचे कार्य २००८ मध्ये स्पष्ट झाले. शेंडा गेल्यावर त्याच्याकडे जाणारी शर्करा कळ्यांकडे वळते व त्या फुटू लागतात, असे २०१४ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांत आढळून आले. सारांश, छाटणीने वाढ केवळ थांबत नाही तर तिची दिशा बदलते. एका कापाच्या खाली बहुधा दोन किंवा अधिक फांद्या येतात.

योग्य रोपे : महाराष्ट्रात घरगुती प्रयोगासाठी नांद्रुक, वड, पिंपरी यांसारख्या फायकस वंशातील जाती तसेच जेड ही रोपे सोईची असतात, ती कुंडीत चांगली तगतात व जुन्या खोडावरही त्यांना फुटवे येतात. बोगनवेल याच गुणाची असली, तरी तिला भरपूर ऊन लागते. याउलट पामसारख्या एकदलिकित वनस्पतींत दुय्यम वाढ करणारा ऊतककर नसतो आणि एकखोडी पामचा शेंडा कापल्यास ते खोड मरते. जुनिपरसारख्या शंकुमंत वृक्षांची फांदी हिरवा भाग न ठेवता कापल्यास तिला सहसा पुन्हा फूट येत नाही.

वेळ : रोपवाटिकेतून आणलेले किंवा नुकतेच कुंडी बदललेले रोप लगेच छाटू नये. नवी पालवी येऊ लागणे ही ते रुळल्याची खूण होय. उष्ण कटिबंधातील जातींची मोठी छाटणी वाढीच्या काळात, म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभी किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीस करतात. मुळांची व फांद्यांची मोठी छाटणी नवशिक्याने एकाच वेळी करू नये. घरातील अंधुक प्रकाशात वाढलेल्या रोपांची कांडी (दोन पेरांमधील अंतर) लांब व पाने विरळ होतात. हा दोष कात्रीने जात नाही. असे रोप आधी हळूहळू अधिक प्रकाशात आणावे आणि तेथे जोमदार वाढ झाल्यावर छाटावे.

पद्धती : कात्री धारदार असावी व ती स्पिरिटने पुसून घ्यावी. प्रथम मेलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. एकाच पेरावरून तीन-चार फांद्या निघत असल्यास तेथे गाठीसारखा फुगवटा येतो. म्हणून त्यांतील एक किंवा दोनच ठेवतात. नव्या फांदीला सहा ते आठ पाने येऊ देऊन ती दोन किंवा तीन पानांवर कापतात. काप पेराच्या किंचित वर घेतात व शेवटची राहिलेली कळी ज्या दिशेस फांदी हवी त्या दिशेस, बहुधा बाहेरच्या बाजूस, तोंड करून असेल असे पाहतात. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पर्णसंभार काढू नये. बुंधा जाड करावयाचा असल्यास तळाजवळची एखादी फांदी मुक्तपणे वाढू देतात व तिचे काम झाल्यावर ती काढून टाकतात. त्या जागी राहणारा व्रण झाडाच्या मागील बाजूस यावा, अशीच फांदी या कामासाठी निवडतात.

फायकसच्या कापातून पांढरा चीक येतो. त्याने काहींच्या त्वचेचा दाह होतो, म्हणून हातमोजे वापरावेत व चीक ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. जेडच्या मांसल खोडाचा काप सुकेपर्यंत त्यावर पाणी पडू देऊ नये. अन्यथा तो कुजण्याचा संभव असतो. छाटणीनंतर पाने कमी झाल्याने पाण्याची गरजही घटते. माती पाहूनच पाणी द्यावे.

दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात विसाव्या शतकात विकसित झालेल्या लिंगनान पद्धतीत तारेऐवजी मुख्यत्वे छाटणीनेच आकार देतात. फांदी हव्या त्या जाडीपर्यंत मोकळी वाढू देऊन मग आखूड कापतात व नव्या फुटव्यावर तीच क्रिया पुन्हा करतात. प्रत्येक कापाबरोबर फांदीची दिशा बदलते व पुढचा भाग आधीच्यापेक्षा बारीक येतो, त्यामुळे तिला जुन्या वृक्षाच्या फांदीसारखे कोन व निमुळतेपणा प्राप्त होतो. यात दोन कापांमध्ये एक वा अधिक वर्षे जाऊ शकतात. कापलेली फांदी पुन्हा जोडता येत नाही, पण ठेवलेली फांदी पुढील हंगामातही काढता येते. त्यामुळे शंका असेल तेथे नवशिक्याने छाटणी पुढे ढकलणे इष्ट ठरते.