किनारपट्टींतील घरीं लोकरीची सांठवण

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या अनेक घरांत बाळंतविड्यासाठीं लोकरीचीं टोपडीं व पायमोजे विणतात. उरलेली लोकर पावसाळ्यानंतर काढावी, तों ती जागोजाग तुटते अथवा तिला कुबट वास येतो. नेमकी तीच छटा पुन्हां न मिळाल्यास अर्धें विणकामही वायां जातें.

लोकर आपल्या वजनाच्या सुमारें एक तृतीयांश पाणी शोषूनही हातास ओली लागत नाहीं. अशी लोकर डब्यांत कोंडली म्हणजे तिला बुरशी येते. शिवाय लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळीस घामाचे डाग व अंधारी, न हलविलेली जागा फार मानवते.

म्हणून बियाण्याचाच नियम येथें पाळावा: आधीं वाळवण, मग झांकण. वैशाखांत लोकर धुऊन, सावलींत वाऱ्यावर पूर्ण वाळवून, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी. तान्ह्या मुलांच्या लोकरींत डांबराच्या गोळ्या मुळींच घालूं नयेत. त्यांच्या वाफेनें कांहीं अर्भकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते.

दसऱ्यानंतर भिंतींची ओल हटली कीं लोकर खुशाल ओटीवर मांडावी. बुरुडाच्या टोपलीस जुन्या धोतराचें अस्तर द्यावें, म्हणजे धागा अडकत नाहीं. गुंडे सैल गुंडाळावेत. ऊन व चुलीचा धूर टाळावा. आठवड्यांतून एकदां ते हलवून झटकावेत. हाताळलेल्या लोकरीस कसर सहसा लागत नाहीं. घराची शोभा आणि मालाची राखण अशीं दोन्हीं कामें एकदमच साधतात.